ईपीएबीएक्स की ॲपवाला इंटरकॉम?
नागपुरात मनीषनगर, बेसा भागातल्या नव्या इमारतींत हल्ली ॲपवर चालणारा व्हिडिओ इंटरकॉम दिसतो. दारात कोण आलंय ते ऑफिसात बसून कळतं, ही मोठीच सोय. पण नेट गेलं की तीही गेली.

ईपीएबीएक्स म्हणजे इमारतीचं स्वतःचं छोटं टेलिफोन एक्सचेंज. त्याला प्रत्येक घरी तारांची एकच जोडी लागते. फोनला वीज त्याच जोडीतून मिळते, म्हणून वॉचमनच्या केबिनमधल्या एका यूपीएसवर सगळ्या घरांचे फोन चालू राहतात. आजी-आजोबांनाही रिसीव्हर उचलणं सोपं. जुन्या इमारतीत मी हाच घेईन.

आयपी पॅनल, म्हणजे ॲपवाल्या इंटरकॉमचं दारावरचं यंत्र, लावायचंच असेल तर नेटवर्क स्विचपासून (केबल जिथे जोडतात त्या डब्यापासून) केबल 100 मीटरच्या आत ठेवा. आणि पश्चिमेच्या उघड्या भिंतीवर तर मुळीच नको, नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. पावसाळी विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर दोन्हींना हवाच.