बातमीची रचना : उलटा पिरॅमिड, वाळूचं घड्याळ की माणसापासून सुरुवात?

कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, द्यायला अर्धा तास उरला असेल तर फार विचार करू नका, उलटा पिरॅमिडच घ्या. सर्वांत महत्त्वाचं वर, तपशील त्याखाली, पार्श्वभूमी तळाशी. सहा ककारांपैकी कोण, काय, कुठे, कधी हे इंट्रोत, म्हणजे बातमीच्या पहिल्या परिच्छेदात, हवंच. ‘का’ आणि ‘कसं’ बहुतेकदा तोवर कळलेलंच नसतं, ते खाली आलं तरी चालतं. १८६५ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हा असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या बातमीदाराची पहिली तार एका वाक्याची होती : राष्ट्राध्यक्षांना आज रात्री थिएटरात गोळी लागली, जखम जिवावर बेतणारी असू शकते.

या रचनेवर डेस्कचा, म्हणजे बातम्या संपादित करणाऱ्या विभागाचा, जीव असतो. जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतो, तरी बातमी शाबूत राहते. पण पिरॅमिड म्हणत म्हणत अनेकजण इतिवृत्त लिहितात. ‘नगरपालिकेची सर्वसाधारण सभा मंगळवारी नगराध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली झाली.’ झाली असेल, पुढे? ‘पुढच्या महिन्यापासून पाणीपट्टी वाढणार, नगरपालिकेच्या सभेत मंगळवारी प्रस्ताव मंजूर’ असं लिहिलं की वाचक थांबून वाचतो. अध्यक्षस्थानी कोण होतं, हे शेवटच्या ओळीत टाका, कापलं गेलं तरी कुणाचं अडत नाही.

पिरॅमिडची खरी उणीव म्हणजे त्याला शेवट नसतो. बचावकार्य, पाठलाग, न्यायालयातली उलटतपासणी अशा घटनांमध्ये क्रमालाच महत्त्व असतं. तिथे वाळूचं घड्याळ बरं : पहिले तीन-चार परिच्छेद पिरॅमिडसारखे, मग ‘प्रत्यक्षदर्शींनी सांगितलेला घटनाक्रम असा’ हे वळण, आणि पुढे सगळं घडलं तसं. माझ्या मते ही रचना आपल्याकडे फार कमी वापरली जाते. एक अडचण मात्र आहे, ती खालून कापता येत नाही. त्यामुळे किती जागा मिळणार ते डेस्कला आधीच विचारून घ्या.

तिसरी रचना वॉल स्ट्रीट जर्नल या अमेरिकी दैनिकामुळे नावारूपाला आली. एका माणसापासून सुरुवात, मग हा विषय आत्ता का, हे सांगणारा परिच्छेद, त्यानंतर आकडे आणि तज्ज्ञ, शेवटी पुन्हा तोच माणूस. धोरणाचे परिणाम, बेरोजगारी, आजाराची साथ अशा सावकाश उलगडणाऱ्या विषयांना ती शोभते. अपघात, मृत्यू, निवडणूक निकाल यांना अजिबात नाही. तिथे वाचकाला ताटकळत ठेवणं चुकीचंच. ‘का’ सांगणारा तो परिच्छेद चौथ्या-पाचव्याच्या पुढे गेला तर मुद्दा कळायच्या आत वाचक निघून जातो. आणि सुरुवातीच्या माणसाचा पुढच्या आकड्यांशी काही संबंधच लागत नसेल, तर त्याला वगळा आणि सरळ पिरॅमिड लिहा.