‘डायलेक्ट’: आठ महिने खेळल्यावर

‘डायलेक्ट’ हा टेबलाभोवती बसून शब्द घडवायचा खेळ नोव्हेंबरात घेतला, आता जुलै चालू आहे. एवढ्यात पाच डाव पूर्ण झाले, दोन अर्ध्यावर मोडले (एकदा सगळ्यांना भूक लागली म्हणून, एकदा मॅच होती म्हणून). लिहायला हरकत नाही.

व्हिडिओ गेममधल्या बनवलेल्या भाषांचा नाद मला जुनाच. ‘स्कायरिम’मधलं ड्रॅगनच्या भाषेतलं ‘फुस रो डाह’, म्हणजे बळ, तोल, ढकल, गच्चीवर ओरडून शेजारच्या काकूंची बोलणी खाल्लीत. २०२२ मध्ये ‘ट्यूनिक’ आला तेव्हा त्यातली लिपी वहीत उतरवून सोडवली. आतल्या रेघा व्यंजनाच्या, बाहेरच्या स्वराच्या, दोन्ही एकाच चिन्हात. खाली बारीक गोल असला की स्वर आधी वाचायचा. लहानपणी बाराखडी घोकलेल्या माणसाला यात अवघड काही नाही. तीन रात्री घातल्या आणि हाती लागलं काय, तर इंग्रजी! तेही जसं बोलतात तसं लिहिलेलं, त्यामुळे माझी निम्मी स्पेलिंगं फुकट गेली. ‘चँट्स ऑफ सेनार’ त्यापेक्षा सरस. मनोऱ्याच्या मजल्यागणिक भाषा बदलते, नुसती लिपी नाही, वाक्याची घडणसुद्धा. पण तिथंही उत्तर कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं, आपण फक्त शोधायचं.

‘डायलेक्ट’मध्ये शोधायला काही नाहीच. कॅथरीन हाइम्स आणि हकान सेयालिओग्लू या जोडीचा, २०१८ मध्ये आलेला हा टेबलावरचा खेळ. फासे नाहीत, हारजीत नाही. तीन ते पाच जणांनी मिळून जगापासून तुटलेली एक वस्ती ठरवायची, तिची तीन वैशिष्ट्यं ठरवायची आणि हातातल्या कार्डांवरून त्या वस्तीच्या बोलीतले शब्द घडवायचे. शब्द झाला की दोघांनी लगेच तो वापरून बोलून दाखवायचं. असे तीन कालखंड जातात, वस्ती विस्कटते, बोली मरते, डाव संपतो. पाया म्हणून भाषा आपली रोजचीच घ्यायची. पुस्तक आणि कार्डं इंग्रजीत असली तरी आमच्या टेबलावर जे निघतं ते कोल्हापुरी निघतं.

दुसरा डाव आम्ही महापुरावर लावला. पाण्यानं वेढलेली तीन मजली इमारत, वर अडकलेली माणसं. खेळायला मी, बायको, भाची आणि कुंभार गल्लीतला मित्र. २०१९ ला त्याच्या घरात खरंच पाणी होतं, म्हणून मी आधी विचारलं, “चालंल न्हवं?” म्हणाला, “चालतंय की, खेळ तर हाय.”

संकटाला शब्द करायचा होता. भाची ‘जलभय’ वगैरे सुचवत होती, आम्ही हसत होतो. मित्र मध्येच म्हणाला, “त्रेचाळीस.” बाहेरच्यांसाठी सांगतो: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. पावसाळ्यात इथं सकाळी चहाआधी फूट विचारतात. त्या वर्षी आकडा ५५ च्या वर गेला होता. शब्द एका मिनिटात ठरला. मग ‘एकोणचाळीस’ आपोआप आला, म्हणजे अजून काही झालेलं नाही, पण सामान वर घ्या. आणि दोन तासांत त्याची रूपं निघाली. रागावलेल्या माणसाला ‘त्रेचाळला’, उगाच घाबरवणाऱ्याला ‘फुट्या’.

तिसऱ्या कालखंडात पाणी ओसरलेलं, माणसं पांगलेली. मित्राचं पात्र म्हाताऱ्या वॉचमनचं, तो जिन्यात भेटलेल्या पोरीला म्हणतो, “त्रेचाळीस व्हायच्या आत जा बाळ घरला.” पोरगी म्हणजे भाची. तिनं विचारलं, “त्रेचाळीस म्हणजे? रुपये?” मित्रानं कार्ड खाली ठेवलं आणि पाणी प्यायला उठला. दहा मिनिटं आला नाही. मला कुठल्याच गेमनं असं गप्प केलेलं नाही.

आता तक्रारी. तीन-चार तासांचा खेळ म्हणतात. आमचा पाचाच्या आत कधी आटोपला नाही, कारण प्रत्येक कार्ड आधी मराठीत समजावून सांगावं लागतं. कार्डांवरचं इंग्रजी अवघड नाही, पण हळवं आहे, आणि मोठ्यानं वाचताना घरच्यांसमोर ओशाळायला होतं. मी पीडीएफ घेऊन कार्डं छापून आणली. झेरॉक्सवाल्यानं कटिंग तिरकं केलं, पाठीवरूनच कुठलं कार्ड ते ओळखू येतं. यात खेळाचा दोष नाही, पण छापील संच परवडत असेल तर तोच घ्या. दोघंच असाल तर घेऊ नका. आणि एक गप्प बसणारा माणूस अख्खा डाव पाडतो. आमचा चौथा डाव तसाच पडला. अंतराळातली वसाहत घेतली होती, त्यात आमच्यापैकी कुणाचंच काही गुंतलेलं नव्हतं. शब्द झाले, पण दुसऱ्या दिवशी एकही आठवला नाही. पुन्हा अंतराळ नाही. पुढचा डाव गुऱ्हाळावर लावायचाय.

याच जोडीचा ‘साइन’ही एकदा खेळलो. निकाराग्वातल्या कर्णबधिर मुलांनी शाळेत आपली खुणांची भाषा कशी घडवली त्यावर आहे, आणि खेळताना तोंडातून शब्द काढायचा नाही. करपल्लवी म्हणून सोपी वाटली होती. बायकोला जमली, मला नाही. त्यावर वेगळं लिहीन.

पुराचे शब्द मात्र घरात राहिले. परवा रात्रभर पाऊस होता. सकाळी मित्राचा मेसेज आला, नुसता ‘एकोणचाळीस’. मी घाबरून पाणीपातळी बघितली तर बत्तीसच. विचारलं, “नदी का वहिनी?”

“वहिनी.”