जुना सर्व्हर: जागेवरच सुधारायचा की नवा घ्यायचा?

दारव्ह्याकडच्या एका शेतकरी कंपनीच्या भाऊंनी विचारलं, भाड्याच्या सर्व्हरवर सेंटओएस ७ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम आहे, काय करू? त्याचे अपडेट ३० जून २०२४ लाच थांबले. म्हणजे घराचं दार उघडं टाकून जागलीला जाणं झालं.

खर्च: जागेवरच्या अपग्रेडला काहीच नाही, अल्मालिनक्स या सेंटओएससारख्याच सिस्टिमचं एलिव्हेट हे अपग्रेडचं साधन फुकट आहे. नव्यात थोडे दिवस दुहेरी भाडं.

जोखीम: खरा फरक इथंच. एलिव्हेट एका वेळी एकच पायरी चढतं, म्हणजे सेंटओएस ७ वरून अल्मालिनक्स ८. मध्येच गावची लाइन गेली तर? सर्व्हर चालू राहतो, पण तुमचं कनेक्शन तुटतं. म्हणून काम ‘स्क्रीन’मध्ये लावा (कनेक्शन तुटलं तरी सर्व्हरवर काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम), आधी स्नॅपशॉट, म्हणजे सर्व्हरची आहे तशी पूर्ण प्रत, घ्या. सेंटओएस ७ सोबतच्या पीएचपी ५.४ वर (पीएचपी म्हणजे साइट लिहायची प्रोग्रॅमिंग भाषा) लिहिलेला जुना कोड तर दोन्हीकडे रडवतो. फक्त नव्यावर तो निवांत तपासता येतो, जुनी साइट चालू ठेवून. मग डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी नोंद, नव्याकडे वळवायचं.

टिकाऊपणा: अल्मालिनक्स ८ ला २०२९, ९ ला २०३२ पर्यंत सुरक्षा अपडेट.

नुसती माहितीची साइट असेल, रात्रभर बंद राहिली तरी चालत असेल, तर जागेवरच उरका. कापसाच्या हंगामात बिलं त्यावरूनच निघत असतील, तर भाऊ, नवाच घ्या.