कुलूप की टपाल? जावाचे थ्रेड आणि अर्लँगच्या प्रोसेस

शाहू मार्केट यार्डातल्या एका अडत्यासाठी गुळाच्या सौद्याचं सॉफ्टवेअर करत होतो. रव्यांच्या एकाच थप्पीवर चार मोबाइलवरून एकदम बोली यायची आणि एखादी चक्क गायब! जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलं होतं, एका ठिकाणी लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लावायचं राहिलं होतं. चूक माझीच.

जावात अनेक थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये एकदम चालणारी कामं) एकाच मेमरीला हात लावतात, म्हणून लॉक. दोन थ्रेड एकमेकांच्या लॉकची वाट बघत बसले की डेडलॉक. आणि हे घोळ टेस्टिंगमध्ये क्वचितच दिसतात, दिसतात ते ऐन सौद्यात.

अर्लँग ही भाषा १९८६ च्या सुमारास एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी जन्मली. तिथं व्हेरिएबलला दिलेली किंमत बदलत नाही, प्रत्येक प्रोसेसची (स्वतंत्र चालणाऱ्या छोट्या कामाची) मेमरी वेगळी, बोलणं फक्त निरोपांनी. थप्पीमागे एक प्रोसेस ठेवली की बोल्या तिच्या पेटीत रांगेनं येतात. प्रोसेस कोसळली तर सुपरवायझर (तिच्यावर नजर ठेवणारी दुसरी प्रोसेस) तेवढीच नव्यानं उठवतो, बाकी सौदा चालूच. (तिच्या पोटातले आकडे मात्र जातात, ते आधीच डेटाबेसात हवेत. हे मला उशिरा कळलं.) अशी प्रोसेस दोन-तीन केबीत सुरू होते. जावा २१ मधले व्हर्च्युअल थ्रेडही हलके आहेत, पण मेमरी सामायिकच.

जड आकडेमोडीला जावा वेगवान, माणसंही पटकन मिळतात. कोल्हापुरात अर्लँगवाला शोधणं म्हणजे पांढऱ्या रश्श्यात लाल कट शोधणं. मी एलिक्सिर ही भाषा घेतली: आतली यंत्रणा अर्लँगचीच, लिहायला सोपी. बिलांचा भाग जावातच ठेवलाय. चालतंय की.