यामाहा पीडब्ल्यू५०: कोकणातल्या पोरांची पहिली डर्ट बाईक

सायकलचा तोल जमलेल्या चार ते सहा वर्षांच्या पोराला हीच घ्यावी. ४९ सीसी टू-स्ट्रोक, क्लच-गिअरची भानगड नाही, सीटची उंची ४७५ मिमी. दोन्ही ब्रेक सायकलसारखे हाताशी. २५ किलोच्या वरचं पोर मात्र हिला जड.

खरा गुण थ्रॉटलच्या स्क्रूचा. तो आत पिळला की मूठ पूर्ण फिरवली तरी गाडी रांगतेच. पोर न सांगता ब्रेक दाबायला लागलं की अर्धा-अर्धा आटा सैल करा, घाई नको.

चेनऐवजी शाफ्ट आहे. आपल्या खाऱ्या हवेत याचं मोल वेगळं सांगायला नको. तरी पुळणीवर नेऊ नका. दहा इंची चाकं भुसभुशीत वाळूत रुततात, ब्रेकच्या ड्रममध्ये खारी ओल शिरते. कापणीनंतरचा कोरडा कुणगा बरा. सड्यावरचा जांभा गुडघे सोलतो.

सतत हळू चालवून प्लग काजळतो, एक जादा ठेवा. टूटी ऑइलची, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाच्या तेलाची, टाकी वेगळी आहे. ती आटली तर पिस्टन जाम. मिरगाआधी कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काढाच, नाहीतर दिवाळीला नुसत्या किका. आणि रस्त्यावर? अजिबात नाही, वाडीतल्या पाणंदीवरसुद्धा.