लहान पोरांचे कानाचे मफ : डीजेसाठी घेतले, कामी आले २१ ऑक्टोबरले (४ स्टार)

घेतले होते गणपतीतल्या डीजेपायी, ६४९ ले पडले. हेडफोनसारखेच दिसते पण वायर-बियर काही नाही, आत जाड फोम.

खरी परीक्षा झाली गडचिरोलीत, पोलीस स्मृतिदिनाले. माहा दीर पोलिसात आहे म्हणून आम्ही दरवर्षी जातो. १९५९ मध्ये लडाखच्या हॉट स्प्रिंग्सले चिनी सैन्याच्या हल्ल्यात सीआरपीएफचे १० जवान गेले तवापासूनचा हा दिवस, पण आमच्याकडं तो लडाखचा राहिलाच नाही, इथल्याच लाहेरीले २००९ मध्ये नक्षल्यायच्या हल्ल्यात १७ पोलीस गेले, जांभुळखेड्याले २०१९ मध्ये १५, आता कोणत्याही तालुक्यात जा, असं एखादं घर सापडतेच. सासूबाई म्हणे लेकराले कायले नेता तिकडं. मागच्या वर्षी पोरगा सलामीच्या बंदुकीच्या पहिल्याच फैरीले चड्डीत मुतला होता, त त्यायचंही काही चुकत नव्हतं म्हणा.

यावर्षी मफ बॅगेत टाकले. डब्यावर २५ डेसिबल कमी करते असं लिहून आहे, अन बंदुकीचा बार १४० च्या वर जाते, म्हणजे हिशेब तुम्हीच लावा, नुसत्या मफच्या भरवशावर पुढं उभं राहू नका. आम्ही पार मागं, कडूनिंबाखाली उभे होतो. फैरीच्या आधी वर्षभरात देशात गेलेल्या पोलिसांची नावं वाचते, राज्याराज्यानं, लय लांब यादी असते, तेवढा वेळ मफ गळ्यातच ठेवा नाहीतर कान घामानं चिपचिप होते अन पोट्टं ते ओढून फेकते. शोकशस्त्रची ऑर्डर झाली, बंदुकीची तोंडं खाली गेली की मग कानावर चढवा. पहिल्या बाराले त्यानं माही साडी घट्ट धरली, दुसऱ्याले वर झाडावरचे कावळे उडाले ते पाहत राहिला, तिसऱ्याले काहीच नाही.

मग बिगुल वाजला तवा मी मफ काढले, म्हटलं हे त ऐकू दे. अन तेवढ्यात समोरच्या खुर्च्यायवर एक बाई रडाले लागली, नुसतं हुंदके नाही, मोकळं रडणं. पोरगा म्हणे, "आई, ते काहून रडून राहिली?" मी म्हटलं तिचा पोरगा पोलीस होता. त्यानं एकदा काकाकडं पाहिलं, काका तिकडं लाइनीत सावधान उभा, अन मफ आपल्याच हातानं पुन्हा कानावर चढवले. मी काढले नाही.

बाकी मजबूत आहे, दोनदा पडले तरी तुटले नाही. तीन वर्षाच्या आतल्या लेकराले मात्र ढिले होते, पट्टी पुरती आवळली तरी घसरते, एक स्टार त्याचाच कापला. आता धानाची मळणी सुरू आहे त पोट्टं मशीनपाशी तेच घालून बसून राहते.