बेळगावहून गुलमर्ग, शुक्रवार ते सोमवार: बूट बघून घ्या

बेळगावात वीकेंड म्हटलं की गाडी आपोआप जांबोटीकडं वळते. कणकुंबी, चोर्ला, फारच हौस आली तर आंबोली. भिजायचं, भजी खायची, रात्री घरी. आमच्या मेव्हण्याच्या डोक्यात बर्फ शिरला, म्हणजे काश्मिरात गुलमर्गला जाऊन स्की शिकायचं, तो ऑक्टोबर २०२३ मध्ये, सांब्र्याहून (बेळगावच्या विमानतळावरनं) दिल्लीचं थेट विमान सुरू झालं तेव्हा. शुक्रवारी संध्याकाळी उडायचं, रात्र दिल्लीत, शनिवारी सकाळी श्रीनगर, दुपारी गुलमर्ग, सोमवारी रात्री घरी. रजा दोनच, असा त्याचा हिशेब.

हिशेब खरा निघाला. फक्त त्यात स्की पायात असण्याचा वेळ त्यानं धरलाच नव्हता. शनिवारी दोन तास, रविवारी साडेचार. सगळ्या खटाटोपातनं हाताला लागले साडेसहा तास. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचं की जांबोटीला जायचं ते ठरवता येईल.

आधी आम्ही २६ जानेवारीची जोडून सुट्टी धरली होती. पण २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडं ठणठणीत. २१ डिसेंबर ते ३० जानेवारी हे चाळीस दिवस तिथं ‘चिल्लई कलान’ म्हणतात, थंडीचा कळस; त्यातच पिवळं गवत दिसत होतं. हॉटेलवाल्यानं स्वतः फोन करून ‘आत्ता येऊ नका’ म्हणून सांगितलं आणि तेवढ्याच पैशात तारीख बदलून दिली. याचे पूर्ण गुण. विमानाचे बदलायला मात्र पैसे गेले. शेवटी फेब्रुवारीतला दुसरा शनिवार धरला, तोवर बर्फ भरपूर पडला होता.

आमच्या घरातले थोरले, आप्पा, बरोबर येणार हे ठरलेलं नव्हतं. ते मराठा लाइट इन्फंट्रीतनं सुभेदार म्हणून निवृत्त. लष्कराची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल गुलमर्गातच आहे, १९४८ साली ती स्की स्कूल म्हणूनच सुरू झाली. आप्पांचा हिवाळी कोर्स तिथंच झालेला. आमची तयारी चार दिवस गप्प बसून बघितली आणि पाचव्या दिवशी म्हणाले, “पैसे देऊन पडायला चाललाय काय रे? आमास्नी सरकार पगार देऊन पाडत होतं.” दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमधनं तीन थर्मल घेऊन आले. त्यातला एक त्यांच्या मापाचा होता.

श्रीनगरला उतरल्या उतरल्या माझा फोन मेला. बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. म्हणजे फोनवरनं पैसे देणंही बंद. मेव्हण्याचं पोस्टपेड होतं. तीन दिवस तो आमचा खजिनदार, आणि त्यानं ते तीन दिवस जाणवू दिलं. रोख घेऊन जावा.

विमानतळावरनं गुलमर्ग पन्नास-साठ किलोमीटर. तंगमर्गला साधी गाडी थांबते. वरचे तेरा किलोमीटर चाकांना साखळ्या लावलेली नाहीतर फोर बाय फोर गाडी. आमच्या ड्रायव्हरनं साखळी पाच मिनिटांत चढवली, आप्पांनी घड्याळ लावून बघितलं.

आता दुकान. बाजारात स्की भाड्यानं देणारी दुकानं बरीच आहेत, आम्ही रस्त्यात पहिलं लागलं त्यात शिरलो. नाव लिहीत नाही. दोघांचे स्की, बूट, काठ्या मिळून दिवसाला अडीच हजार. मी बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात सीएनसी मशीन चालवतो, त्यामुळं माझी नजर आधी कडांवर गेली. स्कीच्या दोन्ही बाजूंना पोलादी पट्टी असते, तीच बर्फात रुतून तुम्हाला वळवते आणि थांबवते. ह्या पट्ट्या गंजलेल्या, मधेमधे बर, म्हणजे धातूचे खरबरीत कंगोरे, आलेली. आप्पांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, “ह्यानं वांगं बी चिरायचं नाही.” दुसरी जोडी मागितली, मिळाली. न मागता मिळाली नसती.

मग बाइंडिंग, म्हणजे बूट धरून ठेवणारा खटका. पडताना पाय पिळला की तो सुटलाच पाहिजे, नाहीतर गुडघा जातो. किती जोरावर सुटायचं ते आतली स्प्रिंग ठरवते, आणि पुढं-मागं छोट्या खिडकीत तिचा आकडा दिसतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि माणूस नवखा की मुरलेला, एवढं बघून तो आकडा लावायचा असतो. दुकानदारानं मला नुसतं खालवर न्याहाळलं. डाव्या स्कीवर ४, उजव्या स्कीवर ७. दाखवलं तर म्हणतो, “सर, कुछ नहीं होता.” उद्यमबागेत हे वाक्य ज्यानं ज्यानं म्हटलं त्याचा माल परत आलाय. शेवटी स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला, समोर उभं राहून दोन्ही ४ वर आणून घेतले.

एवढा शहाणपणा करून मी बुटात फसलो. थंडी म्हणून दोन जोड मोजे घातले. स्कीचा बूट म्हणजे कडक प्लास्टिकचं कवच. आत जाड मोजे कोंबले की रक्त अडतं आणि बोटं उलट जास्त गार पडतात. एकच पातळ, लांब, लोकरी मोजा पाहिजे. ताठ उभं राहिलं की बोटं पुढं जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की सुटावीत, आणि टाच उचलता कामा नये. हे मला शनिवारी रात्री शिकवणाऱ्या पोरानं सांगितलं. अंगठा तोवर जांभळा.

तो पोरगा मात्र पाचपैकी पाच. तंगमर्गचा, पंचविशीतला, दोघांत मिळून दिवसाला दोन हजार. पहिला तासभर त्यानं खाली सपाटीवर नुसतं चालायला लावलं, एका पायावर घसरायला लावलं, पडून उठायला लावलं. मेव्हणा कुरकुरला, “फोटो कधी काढायचे?” मग उतारावर ‘पिझ्झा’: पुढची टोकं जवळ, मागची लांब, गुडघे आत, की वेग मरतो. माझ्या डोक्यात पिझ्झा काही बसेना. व्ही-ब्लॉक, म्हणजे कारखान्यातला व्ही आकाराच्या खाचेचा ठोकळा, म्हटल्यावर बसला. नवशिका घाबरला की मागं रेलतो, आणि मागं रेललं की स्की सुसाट सुटतात. नडगी बुटाच्या जिभेवर दाबून धरायची, म्हणजे भीती वाटते त्याच दिशेला वाकायचं. जांबोटीच्या चिखलात आपण नेमकं उलटं करतो. रविवारी दुपारपर्यंत मी डावीकडं वळत होतो. उजवीकडं देवाच्या इच्छेनं.

गोंडोलाबद्दल, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या तारेवरच्या पाळण्यांबद्दल, थोडक्यात. पहिला टप्पा १९९८ चा, कोंगडोरी ह्या मधल्या थांब्यापर्यंत. दुसरा २००५ चा, अफरवाट शिखराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरवर. यंत्रं फ्रान्सच्या पोमा कंपनीची, चालतात एकदम गुळगुळीत. तिकीट आधी ऑनलाइन काढावं. पण वरचा उतार आपल्यासारख्यांचा नव्हे, मुरलेल्यांचा. आम्ही होतो तेव्हा वाऱ्यामुळं दुसरा टप्पा बंद होता आणि मेव्हणा सोडून कुणाला वाईट वाटलं नाही. दोनच दिवस असतील तर गोंडोलाच्या रांगेतला वेळ शिकवणाऱ्याला द्या.

बर्फावरच्या ढकलगाडीत (स्लेजमध्ये) बसवून फिरवणारे मागं लागतात. आप्पांनी त्यांना फौजी हिंदीत असं काही विचारलं की दोघं त्यांच्याजवळ बसूनच राहिले. दिवसभर आप्पा उताराच्या पायथ्याशी खुर्ची टाकून, नून चहा पीत. गुलाबी, खारट; मला घोटभरही गेला नाही, त्यांनी चार कप संपवले. आम्ही नेलेला कुंदा शिकवणाऱ्या पोरानं एका दमात अर्धा उडवला आणि ‘कहाँ मिलता है’ म्हणून दोनदा विचारलं. संध्याकाळी आप्पा एकटेच वॉरफेअर स्कूलच्या रस्त्यानं फिरून आले. काय बघितलंत म्हटलं तर म्हणाले, “गेट नवं केलंय.”

परत जाणार काय? जाणार, पण वीकेंडला नाही. पाच दिवस पाहिजेत, म्हणजे तीन पूर्ण दिवस उतारावर मिळतात आणि उजवं वळणही येतं. मेव्हणा सगळ्यांना तीन दिवस पुरतात म्हणून सांगत सुटलाय. त्याचे फोटो छान आलेत, ते उभ्या जागी काढलेले आहेत. माझ्या अंगठ्याचं नख होळीच्या आदल्या दिवशी पडलं.